खेळाडू केव्हा बदलावा? संगणकापुढील एका प्रश्नाचा इतिहास

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाचे 11 खेळाडू मैदानात असतात. परंतु ते 11 जण कोणते, हे दर चालीला बदलू शकते. ही मुभा पूर्वीपासून नव्हती. 'एनएफएल' या व्यावसायिक संघटनेने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1943 मध्ये, अमर्याद खेळाडूबदलास तात्पुरती परवानगी दिली; 1946 मध्ये ती मागे घेतली आणि 1950 मध्ये कायमची केली. तेव्हापासून आक्रमणाचे व बचावाचे खेळाडू वेगळे झाले, आणि विशिष्ट प्रसंगापुरते उतरणारे तज्ज्ञ खेळाडूही घडू लागले.

चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे सरकणे हा या खेळाचा पाया. तिसऱ्या प्रयत्नाला आठ-नऊ यार्ड उरले असतील, तर चेंडू लांब फेकला जाण्याची शक्यता वाढते. मग बचाव करणारा संघ बहुधा एक धिप्पाड खेळाडू बाहेर काढून पाचवा चपळ पाठरक्षक आणतो. पाच सेंटच्या नाण्यावरून या रचनेला 'निकेल' म्हणतात. असे सहा पाठरक्षक असले, तर ती 'डाइम'.

हे सारे संगणकात आणणे सोपे नव्हते. 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स'चे संस्थापक ट्रिप हॉकिन्स यांनी माजी प्रशिक्षक जॉन मॅडन यांच्याशी बोलणी केली, तेव्हाच्या यंत्रांना एका संघाचे सहा-सात खेळाडू दाखवणेही जड जाई. पूर्ण 11 खेळाडू नसतील तर तो फुटबॉलच नव्हे, असा मॅडन यांचा आग्रह होता. परिणामी 'अ‍ॅपल टू'वरील हा गेम रखडत 1988 मध्ये आला. 1991 च्या 'टेक्मो सुपर बोल'ने खऱ्या खेळाडूंची नावे, दुखापती आणि बदलता जोमही आणला. मैदान भरले, आता राखीव खेळाडूंचा प्रश्न उभा राहिला.

त्यावरचे साधे उत्तर म्हणजे क्रमवारी: प्रत्येक जागेसाठी पहिला, दुसरा, तिसरा खेळाडू. पण क्रमवारी गुणवत्ता सांगते, प्रसंग सांगत नाही. पहिल्या क्रमांकाचा धावपटू उत्तम धावेल. तिसऱ्या प्रयत्नाला मात्र चेंडू झेलणारा दुसराच हवा असतो. म्हणून पुढील मॅडन गेममध्ये रचनेनुसार खेळाडू ठरवण्याची सोय आली, आणि तिसऱ्या प्रयत्नाच्या धावपटूला स्वतंत्र रकानाही मिळाला.

थकव्याचा नियम विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ओळखीचा वाटेल. समजा, जोम 70 टक्क्यांखाली जाताच खेळाडू बाहेर आणि 70 वर येताच आत, असे ठरवले. तर तो दर चालीला ये-जा करत राहील. म्हणून बाहेर काढण्याची मर्यादा 65 आणि परत आणण्याची 85, अशा दोन वेगळ्या मर्यादा लागतात. फ्रिजमधील थर्मोस्टॅटही याच युक्तीने सतत चालू-बंद होणे टाळतो.

तरीही एक उणीव उरते. सामन्याची शेवटची दोन मिनिटे, निर्णायक चाल. आणि आकडा मर्यादेखाली गेला म्हणून सर्वोत्तम खेळाडू बाकावर! अनुभवी प्रशिक्षक अशा वेळी दमलेल्या खेळाडूलाही मैदानात ठेवेल, कारण उरलेला वेळ आणि गुणफलक त्याच्या डोळ्यांसमोर असतात. यंत्र मात्र त्याला जे मोजायला सांगितले तेवढेच मोजते. नियम किती अचूक पाळला जातो याइतकेच, तो लिहिताना कोणती परिस्थिती हिशेबात धरली, हेही महत्त्वाचे असते.