गश्ती निशाण ५३

हैदराबाद संस्थानात १९२९ साली निघालेला, सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून जाहीर सभा भरविण्यास मनाई करणारा हुकूम. 'गश्ती' म्हणजे खात्याखात्यांतून फिरविलेले सरकारी परिपत्रक. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखाली असल्याने येथील सार्वजनिक जीवनही या हुकमाने जखडले गेले.

सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे फर्मान हाच कायदा असल्यामुळे, आणि दिवाणापासून तहसीलदारापर्यंत सारे अंमलदार अखेर त्यांनाच जबाबदार असल्यामुळे, परवानगी नाकारली गेली तर जिच्यापुढे दाद मागावी अशी स्वतंत्र सत्ताच राज्यात नव्हती. ज्याला चार माणसांपुढे बोलावयाचे त्याने प्रथम अर्ज करावा आणि इजाजतीची वाट पाहावी, हा शिरस्ता तुरुंगवासाहून अधिक खोल घाव घालणारा होता. कारण तुरुंगात बोललेला माणूस जातो, येथे माणूस बोलण्यापूर्वीच मुका केला जाई. गश्ती निघण्याआधीही स्थिती फारशी निराळी नव्हती : हैदराबादच्या प्रजेच्या राजकीय परिषदा काकिनाडा (१९२३), मुंबई (१९२६), पुणे (१९२८) आणि पुढे अकोला (१९३१) येथे, म्हणजे संस्थानाच्या हद्दीबाहेर भरल्या. घरचे गाऱ्हाणे शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन मांडावे लागे.

या पार्श्वभूमीवर, त्या वेळच्या परभणी जिल्ह्यातील परतूर येथे १९३७ साली गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या महाराष्ट्र परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे मोल फार मोठे आहे. पुढल्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच बंदी आली, आणि २४ ऑक्टोबर १९३८ रोजी सुरू झालेल्या सत्याग्रहाच्या पहिल्या तुकडीचे नेतृत्व नानल यांनीच केले. ही बंदी १९४६ पर्यंत उठली नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली.

दाद मागण्याची वाट मात्र प्रजासत्ताकातही एकदा बंद झाली. २५ जून १९७५ रोजी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. दोनच दिवसांनी निघालेल्या त्यांच्या आदेशाने स्थानबद्धांचा न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित झाला, आणि हैदराबादच्या लढ्यातून आलेले 'मराठवाडा'चे संपादक अनंत भालेराव यांना स्वतंत्र भारतातही कारावास घडला. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क राष्ट्रपतींना आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने केली.