खाद्य अंगणबाग

घरासमोरच्या हिरवळीऐवजी शोभा आणि अन्न दोन्ही देणाऱ्या वनस्पतींची केलेली मांडणी. अमेरिकेत रोझलिंड क्रीझी यांच्या १९८२ मधील ग्रंथामुळे ही कल्पना लोकप्रिय झाली. २००५ मध्ये फ्रिट्झ हेग यांनी कॅन्सस राज्यातील सलायना येथे एका घरापुढचे लॉन काढून तेथे भाज्या लावल्या. रचनेची खरी कसोटी काढणीनंतर लागते: कोबी कापला की वाफा बोडका दिसतो. म्हणून बागेचा सांगाडा डाळिंब, अंजीर, रोझमेरी अशा बहुवर्षायू झाडाझुडपांचा ठेवून मधल्या जागेत रंगीत देठांचा चार्ड, लेट्यूस, जांभळी तुळस आलटूनपालटून लावतात. पुदिना मात्र कुंडीतच बरा. मोकळा सोडल्यास तो सारी बाग व्यापतो. बहुतेक फळभाज्यांना रोज किमान सहा तास ऊन लागते. जुन्या रंगाच्या भिंतींलगत किंवा वाहत्या रस्त्याकडेला लागवडीपूर्वी मातीतील शिसे तपासून घेतात.