काहीतरी दे तिला

गेल्या ऑक्टोबरात लेक पावणेदोन वर्षांची झाली आणि आम्ही तिला दिल्लीत घराजवळच्या पाळणाघरात घातले. नवव्या दिवशी तिचे नाक वाहू लागले. फेब्रुवारी सरेपर्यंत ते कमीजास्त वाहतच राहिले. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर मी खुणा करत गेले : खोकल्याला रेघ, तापाला टिंब, मला किंवा नवऱ्याला लागण झाली तर फुली. पाच महिन्यांत सात आजारपणे. डॉक्टर म्हणाल्या, पाळणाघरातल्या मुलांचे असेच असते, वर्षाला आठ-दहा वेळा धरून चाला. साताऱ्याहून आईचा मात्र रोज संध्याकाळी फोन. ''अगं, नुसती बघत काय बसलीयेस? काहीतरी दे तिला.''

या 'काहीतरी'ची आमच्या घरात जुनी परंपरा आहे. तव्यावर गरम केलेल्या ओव्याच्या पुरचुंडीचा छातीला शेक, सहाणेवर उगाळलेले वेखंड, तुळशीचा रस, निळ्या डबीतला व्हिक्स. (दोन वर्षांखालच्या मुलांना व्हिक्स लावू नये, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले.) शेकाबद्दल माझी तक्रार नाही. ऊबदार हात छातीवरून फिरला की मूल झोपते. पण त्या परंपरेत मागाहून बाटली शिरली, आणि तिची गोष्ट वेगळी आहे. तिच्याकडे नंतर येते.

मी अनुवादक. ताप उतरायची वाट पाहत जागे असले की शब्द चाळत बसते. आपली 'सर्दी' फारसी 'सर्द'मधून आली, म्हणजे थंडच. शेजारची हिंदीभाषक बाई 'ठंड लग गई' म्हणते, वरच्या मजल्यावरच्या बंगाली काकू 'ठांडा लेगेछे', आणि इंग्रजीत तर रोगाचे नावच थंडी. 'पडसे' संस्कृत 'प्रतिश्याया'वरून आले. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. इतक्या भाषांनी मिळून ज्या गारठ्यावर ठपका ठेवला, त्याची रीतसर चौकशी कुणी केली असेल का, या कुतूहलातून मी सॉल्झबरीपर्यंत पोचले.

इंग्लंडमधल्या या गावाबाहेर दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, हार्वर्ड विद्यापीठाने आणि अमेरिकन रेडक्रॉसने साथीच्या रोगांसाठी एक रुग्णालय उभारले होते. युद्ध संपल्यावर त्या बराकी ब्रिटिश सरकारला मिळाल्या आणि १९४६ साली तिथे सर्दीच्या संशोधनाचे केंद्र सुरू झाले. ते उभे करणारे ख्रिस्तोफर अँड्र्यूज हे १९३३ साली माणसाच्या फ्लूचा विषाणू वेगळा काढणाऱ्या तिघांपैकी एक. फ्लूचा सापडला, मग सर्दीचा का सापडणार नाही, असा त्या काळचा हिशेब असावा.

सर्दीचा विषाणू तेव्हा प्रयोगशाळेत वाढत नव्हता. उंदरांना माणसाची सर्दी होत नाही. त्यामुळे माणसेच लागत. जाहिरात वाचून स्वयंसेवक येत : दहा दिवस फुकट राहणे-जेवणे, थोडा हातखर्च. दोघे-तिघे एका बिऱ्हाडात, इतरांपासून तीस फूट अंतर राखायचे, जेवण डब्यांतून दारापाशी ठेवलेले. नाकात थेंब घातले जात, काहींच्या थेंबांत विषाणू, काहींच्या नाही. मग रोज डॉक्टर येऊन तपासणार आणि वापरलेले कागदी रुमाल मोजणार. विद्यार्थी अभ्यासाला येत; नवपरिणित जोडपी मधुचंद्रालाही आली. हे केंद्र चाळीसहून अधिक वर्षे चालले आणि सुमारे वीस हजार माणसे तिथे राहून गेली.

गारठ्याची चौकशी इथेच झाली. काही स्वयंसेवकांना गरम पाण्याने अंघोळ घालून ओल्या अंगाने वाऱ्याच्या बोळात अर्धा तास उभे केले आणि वर ओले मोजे घालून वावरायला लावले. त्यांना इतरांपेक्षा जास्त सर्दी झाली नाही. मी हे आईला सांगितले. ''ते इंग्रज गं. त्यांना काय होतंय?'' आई अगदीच हरली नाही, हेही नोंदवते. २००५ साली कार्डिफमध्ये १८० जणांपैकी निम्म्यांचे पाय वीस मिनिटे गार पाण्यात बुडवले. पुढच्या चार-पाच दिवसांत त्यांच्यातल्या जास्त जणांनी सर्दीची तक्रार केली. तेव्हा आमच्याकडे मोजे अजून चालू आहेत.

दुसरा एक प्रयोग पाळणाघर बघितलेल्या कुणालाही पटेल. एका माणसाच्या नाकाशी बारीक नळी बसवून त्यातून, वाहत्या नाकाच्या गतीने, अतिनील दिव्याखाली चमकणारा द्राव ठिबकत ठेवला. तो माणूस चारचौघांत बसला, वावरला, रुमालाने नाक पुसत राहिला. नंतर दिवा लावला तर चमक सगळीकडे : वस्तूंवर, अन्नावर, दुसऱ्यांच्या हातांवर. आमच्या पाळणाघरातल्या लाकडी ठोकळ्यांवर असा दिवा लावायची मला हिंमत नाही.

पण या वीस हजारांत माझ्या लेकीच्या वयाचे कुणीच नव्हते. प्रौढांनाच प्रवेश होता, आणि ते योग्यच. दोन वर्षांच्या मुलाची संमती कोण घेणार? तरी सर्दीचे मूळ घर मुलांचेच नाक. अमेरिकेत क्लीव्हलँडमध्ये १९४८ ते १९५७ या काळात काही डझन कुटुंबांची दुखणीखुपणी घरोघर जाऊन नोंदली गेली. सुमारे पंचवीस हजार आजारपणांची ती वही सांगते की शाळेत जाणारे पोर घरी आजार आणते आणि धाकट्यांना देते. माझे कालनिर्णय म्हणजे त्या वहीचे एक फाटके पान.

मुलांनी सॉल्झबरीत प्रवेश केलाच, पण कुपीतून. १९६० च्या सुमारास निवासी शाळेतल्या एका सर्दी झालेल्या मुलाच्या नाकातला स्राव केंद्रात आला. त्याला क्रमांक मिळाला बी ८१४. अँड्र्यूजनंतर धुरा सांभाळणारे डेव्हिड टायरेल तो नेहमीच्या पेशींत वाढवू पाहत होते, तो वाढेना. शेवटी श्वासनलिकेच्या जिवंत ठेवलेल्या तुकड्यांवर वाढला आणि १९६५ साली तसे प्रसिद्ध झाले. त्याचे चित्र काढले जून आल्मेडा यांनी. ग्लासगोच्या बसचालकाची मुलगी, सोळाव्या वर्षी शाळा सोडून रुग्णालयात प्रयोगशाळा-मदतनीस झालेली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिला कणाभोवती प्रभामंडळ दिसले, आणि १९६८ साली या कुळाला नाव पडले, कोरोना. २०२० मध्ये जो शब्द आपण घराघरांत, मराठीत विभक्ती लावून वापरला, त्याच्या मुळाशी एका शाळकरी मुलाचा शेंबूड आहे.

औषध मात्र मिळाले नाही. सर्दीच्या विषाणूंत सर्वाधिक आढळणाऱ्या ऱ्हायनोव्हायरसचेच शंभराहून अधिक प्रकार निघाले. एकाची लस करावी तर बाकीचे मोकळे. लेकीला एकामागून एक सर्दी का होते याचेही हेच उत्तर : दर वेळी नवा पाहुणा. १९९० च्या सुमारास केंद्राला कायमचे टाळे लागले.

आता बाटली. औषध नसलेल्या रोगावर सर्वांत जास्त औषधे खपतात, कारण आई-बाप रिकाम्या हाताने दवाखान्यातून उठत नाहीत. मीही उठले नाही. नोव्हेंबरापर्यंत आमच्या कपाटात तीन अर्धवट बाटल्या जमल्या होत्या, लाल, नारिंगी, पिवळी, सगळ्या गोड. दोन एका जवळच्या दवाखान्याने लिहून दिलेल्या, एक मीच दुकानातून आणलेली. आणि हे सगळे छिंदवाड्यानंतर. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्यप्रदेशातल्या त्या जिल्ह्यात वीसहून अधिक लहान मुले खोकल्याच्या औषधाने गेली. मूत्रपिंडे निकामी झालेल्या पोरांना घेऊन आई-बाप नागपूरच्या रुग्णालयांत धावले होते. बाटलीत डायएथिलिन ग्लायकॉल निघाले : कारखान्यात वापरायचा, स्वस्त, चवीला गोडसर द्राव.

हा द्राव नवा नाही. १९३७ साली अमेरिकेत सल्फा औषध मुलांना घेता यावे म्हणून याच द्रावात विरघळवले, रासबेरीचा स्वाद घातला, विषारी आहे का हे न तपासता विकले. शंभराहून अधिक माणसे मेली, त्यांत कितीतरी मुले. पुढच्याच वर्षी तिथला कायदा बदलला. आपल्याकडे १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने दूषित ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. २०२२ साली गांबियात भारतीय बनावटीच्या सिरपांशी साठहून अधिक मुलांच्या मृत्यूंचा संबंध जोडला गेला. छिंदवाड्यानंतर केंद्रीय आरोग्य खात्याने सांगितले की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे लिहूच नयेत. हे वाचूनही मी बाटल्या ठेवल्या होत्या. रात्री अडीचला खोकणाऱ्या मुलासमोर वाचलेले फार दूर जाते.

त्या हिवाळ्यात मी एका स्वयंसेवी संस्थेची बालआरोग्याची पुस्तिका मराठीत आणत होते. 'फास्ट ब्रीदिंग'साठी शब्द शोधताना गडचिरोली भेटली. १९८० च्या दशकात पापुआ न्यू गिनीत फ्रँक शान आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते की खोकणाऱ्या मुलाला न्यूमोनिया आहे का हे श्वास मोजून बऱ्यापैकी ओळखता येते. स्टेथोस्कोप, एक्स-रे लागेलच असे नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने १९८८ पासून गावातल्या आरोग्यदूतांना आणि सुईणींना हेच शिकवले. साठपर्यंत मोजता न येणाऱ्यांसाठी एक साधन केले : एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यावर पोचलात तर न्यूमोनिया, प्रतिजैविक सुरू. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत ५४ टक्के कमी होते. सॉल्झबरीच्या सगळ्या बराकींपेक्षा ती मण्यांची पाटी मला जास्त भावते, हे मान्य करते.

डिसेंबरातल्या एका रात्री लेकीला १०२ ताप, श्वास भरभर. घरकामाला येणाऱ्या दीदीने संध्याकाळी जाताना बजावले होते, ''पसली चलने लगे तो रुकना मत.'' आपल्याकडे याला पोट उडणे म्हणतात. मी झबले वर केले, भ्रमणध्वनीवर मिनिट लावले आणि मोजले. ४८. या वयाला चाळीस ही सीमा. बरगड्यांखाली खड्डा पडत नव्हता. डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, पॅरासिटामॉल द्या, ताप उतरला आणि ती शांत झोपली की पुन्हा पूर्ण मिनिट मोजा. चाळीस किंवा त्यावर राहिले, बरगड्या ओढल्या गेल्या, दूध-पाणी घेईनाशी झाली, तर लगेच निघा. पाऊण तास मी कपाटाकडे पाहत बसले. मग मोजले. खात्री वाटेना म्हणून पुन्हा मोजले.

पहाटे साडेपाचला आईचा फोन. तीही झोपली नव्हती.

''काही दिलंस का गं?''

''तापाचं. आणि श्वास मोजले.''

''किती?''

''छत्तीस.''

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, ''बरं. मग तूही पड जरा.''