तारण कोणाच्या नावात? एका उद्धृताचा माग

ख्रिस्ती धर्माच्या इतिहासावर काम सुरू केलं की एक विधान पुन्हा पुन्हा भेटतं: देवाचं नाव घेऊन त्याला हाक मारणाऱ्याचं तारण होईल. वाचायला सोपं आहे. पण इथे 'नाव' म्हणजे नेमकं कोणतं, असं विचारलं की थेट हस्तलिखितांपर्यंत जावं लागतं. आज या एकाच विधानाचा माग काढू. पाठचिकित्सा म्हणजे काय करतात, तेही त्यातून कळेल.

मूळ जागा

हे विधान जुन्या करारातल्या योएल संदेष्ट्याच्या पुस्तकातलं. मराठी बायबलमध्ये ते 2:32 ला आहे, हिब्रू आवृत्तीत 3:5 ला. (संदर्भ तपासताना हा फरक लक्षात ठेवा, नाहीतर शोधत बसाल.) हिब्रूत तिथे चार व्यंजनांचा शब्द आहे: योद, हे, वाव, हे. 'देव' हे सामान्यनाम झालं. हा शब्द मात्र इस्राएलच्या देवाचं विशेषनाम आहे. हिब्रू बायबलमध्ये तो 6,800 हून अधिक वेळा येतो.

आदरापोटी या नावाचा उच्चार हळूहळू थांबला. प्रायश्चित्ताच्या दिवशी मुख्य याजक यरुशलेमच्या मंदिरात ते उच्चारत असे, असं मिश्नात नोंदवलंय. वाचताना त्याऐवजी 'अदोनाय', म्हणजे 'प्रभू', म्हणायची पद्धत पडली. पुढे हिब्रू लेखनिकांनी त्या चार व्यंजनांना 'अदोनाय'च्या स्वरखुणा जोडल्या. दोन्ही एकत्र वाचल्यामुळे 'यहोवा' हे रूप तयार झालं.

पौलाने काय केलं?

इ.स. 57 च्या सुमारास पौलाने रोमच्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं. दहाव्या अध्यायाच्या तेराव्या वचनात तो योएलचं विधान ग्रीकमध्ये देतो आणि नावाच्या जागी 'किरिओस' (प्रभू) हा शब्द येतो. चारच वचनं आधी त्याने म्हटलंय की येशू 'किरिओस' आहे हे तोंडाने कबूल करणाऱ्याचं तारण होईल. म्हणजे जे विधान इस्राएलच्या देवाच्या नावाबद्दल होतं, ते आता येशूला लागू झालं.

मराठी वाचकाच्या हातून हा दुवा सहज निसटतो. आपल्या प्रचलित बायबलमध्ये योएलमध्ये 'परमेश्वर' आहे आणि रोमकरांस पत्रात 'प्रभू'. शब्दच वेगळे, त्यामुळे एकातून दुसरं आलंय हे जाणवत नाही.

वाद कुठे आहे?

पौलासमोरच्या ग्रीक जुन्या करारात 'किरिओस'च लिहिलेलं होतं का? चौथ्या शतकातल्या व्हॅटिकन आणि सिनाय या प्रसिद्ध प्रतींमध्ये तसंच आहे. पण या प्रती ख्रिस्ती लेखनिकांच्या. त्याआधीच्या यहुदी प्रतींचे तुकडे वेगळं सांगतात:

- पपायरस फुआद 266: इ.स. पूर्व पहिल्या शतकातला, 'अनुवाद' या पुस्तकाचा ग्रीक मजकूर. पण देवाचं नाव हिब्रू अक्षरांत.
- नहल हेव्हरची गुंडाळी: बारा लघुसंदेष्ट्यांचा ग्रीक मजकूर. नाव जुन्या हिब्रू लिपीत. योएल या बारांपैकीच एक, पण नेमका त्याचा भाग उरलेला नाही!
- कुमरानचा 'लेवीय'चा ग्रीक तुकडा: इथे नाव ग्रीक अक्षरांत, 'इयाओ' असं.

याच पुराव्यावरून 1977 मध्ये जॉर्ज हॉवर्ड यांनी मांडलं की नव्या कराराच्या लेखकांनीही उद्धृतांमध्ये मूळ नाव तसंच ठेवलं असावं आणि 'किरिओस' नंतरच्या लेखनिकांनी घातलं. हे मान्य केलं तर तेराव्या वचनातली हाक येशूला न राहता पित्याला उद्देशून होऊ शकते. प्रश्न फक्त अक्षरांचा नाही, येशू कोण या श्रद्धेचा आहे. यहोवाच्या साक्षीदारांच्या 'न्यू वर्ल्ड' भाषांतराने तर नव्या करारात 237 ठिकाणी 'यहोवा' घातलंय, त्यात हे वचनही येतं.

1984 मध्ये अल्बर्ट पीटर्स्मा यांनी जुन्या कराराबाबत उलट बाजू मांडली: मूळ ग्रीक भाषांतरात 'किरिओस'च होतं, हिब्रू अक्षरं नंतरच्या दुरुस्त्यांतून आली.

पुरावा कसा तोलायचा?

मला स्वतःला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली: नव्या कराराच्या एकाही उपलब्ध ग्रीक हस्तलिखितात ते चार अक्षरी नाव नाही. इ.स. 200 च्या आसपासच्या पी-46 या पौलाच्या पत्रांच्या प्रतीतही 'किरिओस'चंच संक्षिप्त रूप आहे, वर आडवी रेघ दिलेलं. दुसरी: पौलाचा समकालीन, अलेक्झांड्रियाचा यहुदी विचारवंत फिलो, 'किरिओस' या शब्दाच्या अर्थावर भाष्य करतो. म्हणजे कागदावर काहीही असो, ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या तोंडी हा शब्द होता. तिसरी: पौलाची पत्रं मंडळीत मोठ्याने वाचली जात. नववं आणि तेरावं वचन एकमेकांशी जुळतं ते कानाला ऐकू येणाऱ्या या शब्दामुळेच.

म्हणून हॉवर्ड यांचा प्रश्न योग्य वाटतो, उत्तर मात्र पुराव्यापेक्षा पुढे जातं. लिहिलेलं आणि वाचलेलं यांतला फरक आपण धरला नाही, तर तुकड्यांकडून नको तेवढं वदवून घेऊ.

मराठीत लिहिताना एक सावधानता

'नाव घेणं' म्हटलं की आपल्या मनात नामस्मरण येतं, वारकरी परंपरा येते. तुलना जरूर करा, पण आधी फरक नोंदवा. इथे नाव पुन्हा पुन्हा जपण्यावर भर नाही. संकटात त्या नावाने धावा करणं, आणि आपण कोणाचे हे चारचौघांत जाहीर करणं, असा अर्थ आहे.

सरावासाठी प्रेषितांची कृत्ये, अध्याय 2 घ्या. एकविसाव्या वचनात पेत्र योएलचं हेच विधान सांगतो. तिथून 36 आणि 38 पर्यंत वाचत जा आणि प्रत्येक ठिकाणी 'प्रभू' कोण, 'नाव' कोणाचं, हे समासात लिहा. मग भाष्यग्रंथ उघडा, आधी नको.