वैद्यांच्या ताऱ्याचं कुळ

सूर्य दर सेकंदाला सुमारे 42 लाख टनांनी हलका होतो. प्रकाश बाहेर पडला की त्याच्याबरोबर वस्तुमानही जातं. तरी 1916 साली श्वार्ट्झशिल्डने ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचं गणित सोडवलं, तेव्हा त्यातला तारा काळोखाच होता. वस्तुमान कायमचं ठरलेलं, बाहेर प्रकाशाचा टिपूस नाही. झळाळणाऱ्या ताऱ्याचं अचूक उत्तर छापून आलं 1943 साली, 'करंट सायन्स'मध्ये. ते काढणारे प्रल्हाद चुनीलाल वैद्य.

वैद्यांचं नाव ऐकून होतो. पण जुनागढकडचा हा माणूस मुंबईत आल्यावर आधी इस्माईल युसूफ कॉलेजात शिकला, हे वाचून उडालोच. आम्हा चारकोपकरांना कांदिवलीहून लोकल धरली की चौथं स्टेशन जोगेश्वरी, आणि पूर्वेला टेकडीवर ते कॉलेज! तिथून इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, आणि 1942 साली बायको व तान्ह्या मुलीसह थेट बनारस, सापेक्षतेच्या अभ्यासासाठी कोल्हापूरच्या विष्णु वासुदेव नारळीकरांकडे. (खगोलशास्त्रज्ञ जयंतरावांचे वडील. पुढे हे गुरू राजस्थानच्या आणि शिष्य गुजरातच्या लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. सापेक्षतेत आणि नोकरभरतीत काय नातं असेल ते असो.)

आता कुळाचा वाद. पुस्तकं वैद्यांचा तारा सरळ श्वार्ट्झशिल्डच्या घरात घालतात. वैद्यांच्या सूत्रात वस्तुमान स्थिर धरलं की श्वार्ट्झशिल्ड परत मिळतो, हे खरंच आहे. पण नाक काकांसारखं म्हणून काका बाप ठरत नाहीत. माझ्या मते या ताऱ्याचं मूळ 1905 च्या सप्टेंबरात आइनस्टाइनने लिहिलेल्या तीन पानी टिपणात आहे.

त्याच्याही आधी, 1900 साली, प्वाँकारेने एक विचित्र हिशेब केला होता. प्रकाशाला ऊर्जा आहे तसा संवेगही आहे, ऊर्जा भागिले प्रकाशवेग. मग एक किलोच्या उपकरणाने 30 लाख ज्यूल ऊर्जा एकाच दिशेला सोडली, तर ते सेकंदाला एक सेंटिमीटर वेगाने मागे सरेल. ज्यावर रेटा द्यायचा असं द्रव्य समोर नाही, तरी धक्का बसतोच. याने प्वाँकारे बेचैन झाला. आइनस्टाइनने ही कटकटच टाळली. त्याच्या टिपणातली वस्तू दोन विरुद्ध दिशांना सारखाच प्रकाश टाकते, म्हणून जागची हलत नाही. फक्त हलकी होते. 1952 साली हर्बर्ट आइव्ह्जने आरोप केला की जे सिद्ध करायचं तेच आइनस्टाइनने गृहीत धरलंय. मला हा आरोप पटत नाही, पण त्यावर भांडायला जागा वेगळी हवी.

वैद्यांनी केलं ते असं बघा. दोन दिशांऐवजी सगळ्या दिशा. प्रत्येक किरण आपला संवेग घेऊन निघतो, पण एकूण बेरीज शून्य. तारा जागेवरच, वस्तुमान तेवढं उतरत जातं. बाहेरच्या प्रकाशात ऊर्जेची घनता आणि बाहेरच्या दिशेचा दाब एकच; आडव्या दिशांना दाब नाहीच. आइनस्टाइनचा दिवा गोल करून त्याला गुरुत्वाकर्षण लावलं, की झाला वैद्यांचा तारा. वैद्यांच्या मनात ते टिपण होतं की नव्हतं, याने काही बिघडत नाही. कुळ माहीत असावं लागतं असं थोडंच आहे?

1953 साली त्यांनी 'नेचर'मध्ये कालमापनच बदललं: वस्तुमान किती, हे किरण ताऱ्यावरून कधी सुटला त्यावर ठरवायचं. किचकट सूत्र एका ओळीत मावलं. 1963 ला क्वेसार, म्हणजे प्रचंड ऊर्जा ओतणारे दूरचे स्रोत, उजेडात आले; झळाळणाऱ्या वस्तूंच्या गणिताला पुन्हा भाव आला आणि 1965 मध्ये लिंडक्विस्ट, श्वार्ट्झ व मिस्नर यांनी वैद्यांचा तारा नव्याने अभ्यासाला घेतला.

प्वाँकारेच्या एकतर्फी दिव्याचा वंश मात्र खोळंबला होता. तो 1969 साली किनर्सलीने पुढे नेला. त्याने वैद्यांच्या सूत्रातला समतोल मोडला: एका बाजूला प्रकाश जास्त, म्हणून तारा उलट दिशेला वेग घेतो. याला आता फोटॉन रॉकेट म्हणतात. वेग बदलणाऱ्या वस्तुमानाने गुरुत्वीय लहरी सोडाव्यात अशी कुणाचीही अपेक्षा. 1994 साली बॉनरने तपासलं, तर एकही लहर नाही! पुढच्याच वर्षी दामूरने कारण दाखवलं: रॉकेटच्या गुरुत्वीय लहरी आणि बाहेर पडलेल्या प्रकाशामुळे उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी किनर्सलीच्या रॉकेटात एकमेकींना तंतोतंत पुसतात. दिवा आणि प्रकाश यांचा हिशेब एकत्र मांडायचा, तो असा.