दिनविशेष, ७ डिसेंबर : कावेरीकाठचे फ्रेंच स्वामी

१९७३ साली आजच्या दिवशी इंदूरमध्ये स्वामी अभिषिक्तानंद यांचे निधन झाले. भगव्या वस्त्रांतला हा संन्यासी मूळचा फ्रेंच, बेनेडिक्टाइन पंथाचा साधू. पूर्वाश्रमीचे नाव आंरी ल सो.

ब्रिटनी प्रांतात ३० ऑगस्ट १९१० रोजी जन्म झाला. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी केर्गोनानचा मठ गाठला आणि १९४८ मध्ये भारत. तमिळनाडूतल्या कुळितलै गावात फादर ज्यूल मोंशानँ आधीपासून चर्चचा कारभार पाहत होते. या दोघांनी २१ मार्च १९५० रोजी, संत बेनेडिक्टच्या सणाला, कावेरीकाठी सच्चिदानंद आश्रम सुरू केला. लोक त्याला ‘शांतिवनम्’ म्हणतात. साधी झोपडी, शाकाहार, जमिनीवर बसून प्रार्थना.

मोंशानँ १९५७ मध्ये पॅरिसला वारले. आज त्यांचे नाव मागे पडते, हा अन्यायच. आश्रमाचे स्वप्न आधी त्यांनी पाहिले होते.

अभिषिक्तानंदांना रमण महर्षींच्या दर्शनाने कायमची ओढ लावली. महर्षींच्या अरुणाचल पर्वतावरील गुहांत ते एकांतात राहिले. ख्रिस्तावरची श्रद्धा आणि अद्वैताचा अनुभव, दोन्हींपैकी एकही त्यांनी सोडले नाही. त्याची तगमग मात्र आयुष्यभर सोसली.

१९६८ मध्ये आश्रम बेनेडिक्टाइन साधू बीड ग्रिफिथ्स यांच्याकडे सोपवून ते उत्तरकाशीच्या कुटीत राहायला गेले. जुलै १९७३ मध्ये ऋषिकेशच्या रस्त्यावर त्यांना हृदयविकाराचा झटका आला. पुढे इंदूरला शुश्रूषा झाली, तिथेच त्यांनी देह ठेवला.