ठाण्याची खाडी : बंदरापासून अभयारण्यापर्यंत

साष्टी हे बेट आहे, ही गोष्ट आज तेथे राहणाऱ्या पुष्कळांच्या ध्यानातही नसते. उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र अशा जलाने ते वेढलेले आहे. ‘षट्षष्टी’ म्हणजे सहासष्ट गावे यावरून त्यास हे नाव मिळाले, असे मानतात. या बेटाच्या पूर्व किनाऱ्यालगतचे सुमारे १७ चौरस किलोमीटरांचे क्षेत्र महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रोहित, म्हणजे फ्लेमिंगो पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित केले. पुढे २०२२ मध्ये खाडीच्या सुमारे ६५ चौरस किलोमीटर क्षेत्राचा समावेश रामसर कराराखालील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत झाला. या दोन्ही घटना स्वागतार्ह आहेत. तथापि इतिहासाच्या अभ्यासकापुढे त्यांतून एक प्रश्न उभा राहतो. आपण रक्षण करीत आहोत ती खाडी कोणत्या काळातील? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्राचीन व मध्ययुगीन साधनांत ही खाडी प्रामुख्याने वाट म्हणून येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याणचा बंदर म्हणून उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आढळतात. मार्को पोलोच्या वृत्तांतात ठाण्याचे राज्य येते, आणि १३२१ मध्ये ख्रिस्ती धर्मोपदेशक जलमार्गाने ठाण्यास आल्याचे प्रसिद्धच आहे. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण घेतल्यावर मराठी आरमाराचा पाया याच खाडीकाठी घातला गेला. या साऱ्या नोंदींत जहाजे आहेत, माल आहे, जकात आहे. पाण्याखालील जीवसृष्टीविषयी मात्र त्या जवळजवळ मूक आहेत.

दुसरी दृष्टी बांधाची. उधाणाचे पाणी बांध घालून अडवावयाचे, उघाडीतून ओहोटीच्या वेळी आतले पाणी सोडावयाचे, पावसाने माती धुऊन निघाली की तेथे खारा भात लावावयाचा, ही कोकणातील जुनी पद्धती होय. ज्या जागी भरतीचे पाणी आत घेऊन उन्हात आटवावयाचे तेथे मिठागरे झाली. जेम्स कॅम्बेल यांनी संपादिलेल्या १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये या खारजमिनींची व मिठागरांची नोंद सारा आणि उत्पन्न या अंगाने केलेली आहे. मुंबई राज्याचा १९४८ चा खारजमीन कायदाही याच परंपरेतला. या दृष्टीने तिवरांचे वन म्हणजे अद्याप लागवडीस न आलेली जमीन एवढेच ठरत होते.

तिसरी दृष्टी मच्छीमाराची होती. परंतु ती कागदावर फारशी उमटली नाही. तिवर व कांदळ यांचा पाला चिखलात कुजतो, त्यावर सूक्ष्म जीव, कोळंबी व चिंबोऱ्या पोसतात, आणि त्यांच्यामागे बोय व जिताडा खाडीत शिरतात. ही साखळी विज्ञानाने अलीकडे मांडली; चेंदणीसारख्या कोळीवाड्यांतील लोक मात्र तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगत आले. निवटी कोणत्या चिखलात सापडते, कालवे कोणत्या खडकावर धरतात, कोणत्या तिथीस जाळे लावावे, हे त्यांचे ज्ञान मौखिक राहिले. गॅझेटिअरमध्ये माशांचा व मच्छीमारांचा विचार आहे खरा. पण खाडीतील मासळीची अखंड मोजदाद म्हणता येईल असे साधन त्यातून मिळत नाही.

यानंतरचा पालट झपाट्याने झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी आगगाडी ठाण्यास पोहोचली. पुढच्याच वर्षी पुलावरून खाडी ओलांडून ती कल्याणला गेली, आणि बंदर म्हणून खाडीचे महत्त्व उतरणीस लागले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. त्यानंतर ठाणे–बेलापूर पट्टा व डोंबिवली येथे कारखाने वाढले, लोकवस्ती त्याहून वेगाने वाढली, आणि दोहोंचे सांडपाणी खाडीत व उल्हास नदीत जाऊ लागले. खाडीच्या वरच्या टोकास पावसाळ्याखेरीज गोडे पाणी फारसे मिळत नाही. म्हणून तेथील घाण भरती-ओहोटीने लवकर धुतली जात नाही. गाळ साचला, प्राणवायू घटला, मासळी हटली. त्याच गाळावर तिवरांची नवी झाडी मात्र उभी राहिली.

१९९० नंतरच्या दशकात शिवडीच्या चिखलावर रोहित पक्षी मोठ्या संख्येने दिसू लागले, आणि आता हंगामात त्यांची गणना लाखाच्या घरात जाते. त्यांतील छोटा रोहित मुख्यतः नील-हरित शैवालावर जगतो. सांडपाण्यातील पोषक द्रव्यांनी हे शैवाल माजते, असे अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या कारणाने मासे गेले, काही अंशी त्याच कारणाने पक्षी आले, असे म्हणावे लागते. पक्ष्यांची विपुलता हा खाडीच्या आरोग्याचा निर्णायक पुरावा मानणे म्हणूनच धोक्याचे होय.

कायद्याने खाडीस दिलेले रक्षण थोडे नाही. १९९१ ची किनारी नियमन अधिसूचना, कांदळवने तोडण्यास मनाई करणारा मुंबई उच्च न्यायालयाचा २००५ चा आदेश व २०१८ चा निकाल, २०१२ मध्ये स्थापन झालेला राज्याचा कांदळवन कक्ष, या टप्प्यांनी ‘पडीक’ मानलेली तिवरे राखीव वन झाली. परंतु अभयारण्य ऐरोली व वाशी या पुलांच्या दरम्यान पश्चिम तीरावर आहे. पाणी ती सीमा जाणत नाही. ठाण्याजवळ एका अरुंद ओघाने ही खाडी उल्हासशी जोडलेली आहे, आणि कल्याण-डोंबिवलीचे सांडपाणी उल्हासला मिळते. वरचा प्रवाह जोवर गटार आहे, तोवर खालचे अभयारण्य अपुरेच राहणार.

यावरून अभयारण्य व्यर्थ आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. ते नसते तर या चिखलावर केव्हाच भराव पडला असता. प्रश्न मापाचा आहे. २०१५ ची खाडी हेच मूळ रूप धरले, तर तिच्यातून नाहीशी झालेली मासळी आपल्या हिशेबात कधीच येणार नाही, आणि तिच्यावर जगणारा समाजही येणार नाही. जुने नकाशे, मिठागरांची दप्तरे व गॅझेटिअर यांच्या जोडीला कोळीवाड्यांतील वृद्धांच्या आठवणी, माशांची व जाळ्यांची नावे पद्धतशीरपणे नोंदविणे हे आपल्या विद्यार्थ्यांपुढील निकडीचे कार्य होय. दप्तरे आणखी काही वर्षे टिकतील. माणसे तितकी थांबणार नाहीत.